खंडेनवमीची गांडुळं

पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्यात मी वीस वर्षं नोकरी केली आणि वीस वर्षांत एकाही यंत्राला हात लावला नाही. हे सांगितलं की लोक मला वशिल्याचा माणूस समजतात. लग्न ठरताना सासऱ्यांनी विचारलं, "कंपनीत नेमकं कुठलं खातं?" मी म्हणालो, "बाग." त्यांना वाटलं, मी विषय टाळतोय. पुढे बायकोनं 'हॉर्टिकल्चर' हा शब्द पाठ करून माहेरी वापरायला सुरुवात केली, तेव्हा कुठे त्या घरात मला दुसऱ्यांदा भाजी वाढायला लागले.

तर मी सोनवणे, बाग सुपरवायझर. गाव नाशिककडचं, शिक्षण शेतकीची पदविका. बासष्ट सालाच्या सुमारास लागलो. तेव्हा मुंबई-पुणे रस्त्याच्या दोन्ही अंगांना एकापाठोपाठ एक कारखाने उभे राहत होते आणि प्रत्येकाला फाटकाच्या आत हिरवळ हवी होती. मागे शेडमध्ये कितीही काजळी असो, गाडीतून उतरणाऱ्या पाहुण्याला पहिल्यांदा हिरवंगार दिसलं पाहिजे. ते दाखवायची जबाबदारी माझी. हाताखाली अकरा माळी आणि सात बाया.

बाहेरच्या माणसाला वाटतं, बाग म्हणजे फुलं. अहो, फुलं आपली आपण येतात, त्यांना सुपरवायझर लागत नाही. सुपरवायझर लागतो तो किडीसाठी. गुलाबावर मावा, शेवंतीवर मावा, जास्वंदीवर पिठ्या ढेकूण, आणि हिरवळीखाली मुळं कुरतडणारी हुमणी. त्या काळी या सगळ्यावर एकच औषध होतं. बीएचसीची पांढरी पावडर. फडक्यात बांधायची, झटकायची, वारा आपल्याकडे आला तर तोंड फिरवायचं, संपला विषय.

पण एकदा ती पावडर मोठ्या साहेबांच्या बंगल्यातल्या गुलाबांवर मारली आणि बाईसाहेबांची पिंकी नावाची कुत्री त्या वाफ्यात लोळली. कुत्री दोन दिवस ओकत होती. वाचली बिचारी, पण त्या दोन दिवसांत माझं वजन तिच्याहून जास्त उतरलं. तिसऱ्या दिवशी जनरल मॅनेजरांचं, म्हणजे आमच्या मोठ्या साहेबांचं, फर्मान निघालं: यापुढे कंपनीच्या हद्दीत विषारी पावडर येणार नाही, बागखात्यानं दुसरा उपाय शोधावा.

दुसरा उपाय म्हणजे झाडपाला. मी शेतकी शाळेच्या जुन्या वह्या काढल्या. कडुनिंबाची पेंड, करंजाची पेंड, तंबाखूचा काढा. कॅन्टीनच्या मागे एक पिंप मिळवलं आणि तंबाखूचा टाकाऊ भुगा त्यात उकळायला घातला. वास असा की दुसऱ्या पाळीची माणसं आत शिरतानाच मळायच्या तयारीत येत. त्या आठवड्यात कॅन्टीनच्या चहाची फार तारीफ झाली, ती कशामुळे झाली हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही. काढ्यानं मावा मेला. माव्याला खाणारे ठिपकेवाले भुंगेही मेले, आणि फवारणारा माळी गरगरून वाफ्यातच बसला, पण मावा मेला ना! मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली. माझी छाती फुगली ती तेव्हा. झाडातून आलेलं औषध आहे, त्याचा कुणाला काय त्रास होणार, असं मी येईल त्या पाहुण्याला सांगत सुटलो. धोतरा हेही झाडच आणि कण्हेर हेही झाडच, हे मात्र माझ्यासारख्या पदविकाधारकाला सुचलं नाही.

आता हौसाबाईंबद्दल सांगतो, कारण पुढची सगळी हकिकत त्यांचीच आहे.

हौसाबाई पिंपरी गावठाणातल्या. वय माझ्याहून दहा-बारा वर्षांनी जास्त, काष्ट्याचं लुगडं, कमरेला खुरपं. ज्या हिरवळीवर आमच्या मोठ्या साहेबांचे परदेशी पाहुणे चहा पीत, ती जागा म्हणजे त्यांच्या सासऱ्याचं बाजरीचं रान. कंपनीनं जमीन घेतली आणि घरटी एकाला काम दिलं, ते यांच्या वाट्याला आलं. काम दिलं, पण टेम्पररी. आणि टेम्पररीची आमच्या पट्ट्यात एक खास रीत होती. काही महिने काम करून घ्यायचं आणि मग थोडे दिवस घरी बसवायचं, म्हणजे सलग नोकरी भरत नाही आणि कायम करावं लागत नाही. त्याला 'ब्रेक' म्हणत. हौसाबाईंना इंग्रजी दोनच शब्द येत, ब्रेक आणि परमनंट. पहिला त्यांना नऊ वर्षं मिळत होता, दुसरा मिळत नव्हता. दर ब्रेकला त्या मला विचारायच्या, "सायेब, परत घेत्याल ना?" आणि मी दर वेळी "बघू" म्हणायचो. माझ्या हातात दुसरं काही नव्हतंच, पण 'बघू' म्हणताना आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं, हे कबूल करतो.

त्या वर्षी मात्र मी खरंच बघितलं होतं. त्यांच्या नावाची शिफारस केली, पर्सोनेल ऑफिसर देवधरांच्या मागे लागलो, आणि कायम करायच्या माणसांच्या यादीत हौसाबाईंचं नाव पडलं. यादी दरवर्षी खंडेनवमीला मोठे साहेब स्वतः वाचून दाखवत. हौसाबाईंनी नवं लुगडं घेतलं आणि अख्ख्या गावठाणाला सांगून ठेवलं.

आणि नेमक्या त्याच वर्षी मोठ्या साहेबांना गोल्फचा नाद लागला.

साहेब कचेरी सुटल्यावर हिरवळीवर काठीनं तो पांढरा चेंडू ढकलायचे. पावसाळा सरताना, भाद्रपद-आश्विनात, गांडुळं जमिनीच्या वरच्या थरात येतात आणि रोज पोटातली माती बाहेर टाकतात. शेवया पिळल्यासारखे बारीक ढीग. शेतकरी ते बघून खूश होतो. साहेबांचा चेंडू मात्र त्यावर अडकायचा.

"सोनवणे, ही घाण काय आहे?"

"गांडुळांची विष्ठा, सर."

साहेबांनी बुटाकडे बघितलं आणि मला आत बोलावून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दिलं. हिरवळीची निगा, कुठल्यातरी गोऱ्या साहेबाच्या काळातलं. त्यात होतं की गांडुळांसाठी मोहाच्या बियांची पेंड कुटून हिरवळीवर सारखी पसरावी. मोह! आपला, रानातला, झाडातून आलेला! मी आनंदानं पुस्तक मिटलं. पान उलटायला हवं होतं. नाही उलटलं.

पेंडीची पोती उतरली तेव्हा हौसाबाईंनी चिमूटभर घेऊन हुंगली.

"सायेब, ही मोहाची पेंड व्हय?"

"हो."

"आमच्या म्हायेराला, तिकडं मावळात, वढ्याच्या डोहात टाकत्यात. मासं उलटं व्हऊन वर येत्यात."

"हौसाबाई, मासे वेगळे आणि गांडुळं वेगळी," मी म्हणालो. "हे फक्त त्यांना खाली हुसकावतं. पुस्तकात आहे."

पुस्तकात असं काही नव्हतं. माझ्या मनात होतं. हौसाबाईंनी चिमूट पोत्यात परत टाकली. टेम्पररी माणूस एक गोष्ट एकदाच सांगतं, दुसऱ्यांदा सांगत नाही. अष्टमीच्या दुपारी मी स्वतः उभा राहून पेंडीचा भुगा पसरवून घेतला. मात्रा पुस्तकात होती त्याच्या दुप्पट, कारण काम साहेबांचं. हौसाबाई एकदा म्हणाल्या, "सायेब, लई व्हतंय." मी म्हणालो, "होऊ दे."

खंडेनवमी म्हणजे आमच्या पट्ट्याची खरी दिवाळी. त्या दिवशी फाटक सगळ्यांना उघडं. कामगार बायकापोरांना घेऊन येतात. यंत्रं धुऊन पुसून त्यांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा. प्रत्येक खात्यात पूजा होते, नारळ फुटतो, आणि मग बटण दाबून यंत्र दोन मिनिटं चालवून दाखवतात, म्हणजे घरच्यांना कळावं की आपला माणूस इथे दिवसभर करतो तरी काय. या सगळ्यात बागखात्याची दरवर्षी शोभा व्हायची. आम्ही मांडणार काय? तीन कात्र्या, खुरपी आणि गवत कापायचं यंत्र. त्यालाही चालवायला बटण नाही, ढकलावं लागतं. मशीन शॉपची माणसं यायची, बघायची, प्रसाद घेऊन जायची.

पण त्या वर्षी माझ्याकडे फिरते फवारे आले होते. चार, पितळी, नवेकोरे. मी देवधरांना गळ घातली की या वेळी यादी हिरवळीवरच वाचायची, त्याआधी बागखात्याची पूजा, साहेबांच्या हस्ते फवारे सुरू. देवधर हो म्हणाले. मांडव घातला, खुर्च्या मांडल्या. हिरवळीच्या तिन्ही बाजूंनी माणसं. पहिल्या रांगेत हौसाबाई, नव्या लुगड्यात, शेजारी गावठाणातल्या सात-आठ जणी. नारळ फुटला. साहेबांनी कॉक फिरवला. चारी फवारे गरकन फिरले आणि टाळ्या पडल्या.

पहिली पाच मिनिटं फार सुंदर गेली. माझी बायको मान ताठ करून बसली होती.

मग हिरवळीला फेस आला. खोटं नाही सांगत, फेस. मोहाच्या पेंडीत रिठ्यासारखा गुण असतो, पाणी लागलं की ती फसफसते. फवारे फिरतायत आणि फेस वाढतोय. मागून कुणीतरी ओरडलं, "सोनवणेसाहेबांनी लॉनला अभ्यंगस्नान घातलं, राव!" पुन्हा टाळ्या. मीही हसून मान हलवली, जणू ठरवूनच केलं होतं.

तोवर साहेबांनी खिशातून यादी काढली, चष्मा लावला, घसा खाकरला. आणि पहिल्या रांगेतली एक बाई पाय वर घेऊन किंचाळली.

गांडूळ. वीतभर लांब, पिळवटत वर आलेलं. त्याच्या शेजारी दुसरं. मग दहा. मग मोजायची सोय राहिली नाही. अख्खी हिरवळ वळवळायला लागली. ज्या रानात शंभर वर्षं बाजरी पिकली होती त्याच्या पोटात केवढं बिऱ्हाड होतं ते त्या दिवशी वर आलं. पेंडीचं ते फेसाळ पाणी बिळात उतरलं की गांडुळाच्या ओल्या कातडीला आग लागते, ते जीव घेऊन वर पळतं, आणि वर येऊन मरतं. पुस्तकात पुढच्या पानावर हेच होतं. लगेच पाणी मारा, वर येणारी गांडुळं झाडून गोळा करा, आणि हे काम लोकांची वर्दळ नसताना करा.

इथे वर्दळ दोन हजारांची. बाया लुगडी सावरून खुर्च्यांवर चढल्या. बाईसाहेब टेबलावर. पोरांची मात्र चंगळ, खिसे भरभरून गोळा करत होती. मग कावळे आले, साळुंक्या आल्या, आणि नदीकडून बगळ्यांचा थवाच्या थवा उतरला. एका कावळ्याच्या चोचीतून सुटलेलं गांडूळ देवधरांच्या हातातल्या पेढ्यांच्या ताटात पडलं. देवधर पक्के शाकाहारी. ताट तिथेच सोडून ते निघून गेले. मी फवारे बंद करायला धावलो तर फेसावरून घसरलो आणि साहेबांच्या पायाशी साष्टांग पडलो. लोकांना तो पूजेचाच भाग वाटला असावा.

उरलेलं पाणी उताराला कमळाच्या टाक्यात गेलं. थोड्या वेळानं साहेबांचे लाल मासे एकेक करून पोट वर करून तरंगायला लागले. हौसाबाईंनी टाक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. साहेबांनी यादीची घडी केली आणि खिशात घातली.

दसऱ्यानंतर देवधरांनी बोलावलं. समोर कोरा कागद. "सोनवणे, साहेबांना लेखी खुलासा हवाय. पेंड कुणी टाकली, मात्रा कुणी ठरवली. ज्याची चूक त्याच्यावर कारवाई."

त्या वर्षी माझी बढती ठरलेली होती. घरी दुसरं मूल व्हायचं होतं. ही कारणं मी तेव्हा स्वतःला सांगितली, आता तुम्हाला सांगतो, पण त्यात अर्थ नाही. मी घाबरलो होतो, बस्स. मी लिहिलं: 'वनस्पतिजन्य पेंड स्वभावतः निरुपद्रवी आहे. तथापि अकुशल टेम्पररी कामगारांच्या हातून मात्रा प्रमाणाबाहेर पडल्याने सदर प्रकार घडला.' तथापि आणि सदर हे शब्द मी फार विचार करून घातले. कुणाचं नाव लिहिलं नाही, म्हणजे कुणाचं वाईट केलं नाही, अशी समजूत करून घेतली. पण यादीत बागखात्याचं टेम्पररी नाव एकच होतं. ते उडालं. आणि पंधरा दिवसांत हौसाबाईंना ब्रेक मिळाला, तोही नेहमीपेक्षा लांबलचक. या वेळी "परत घेत्याल ना?" असं त्यांनी विचारलं नाही.

हिरवळीनं माझी चिठ्ठी वाचली नव्हती. तिनं आपला हिशेब आपण केला. पहिला महिना साहेब खूश, चेंडू सुळकन जायचा. मग पाणी जिरेना. फवारा मारला की डबकी. कापलेलं गवत कुजेना, वर तसंच वाळून चटई झाली. खालचं गवत पिवळं. मी एका ठिकाणी हातभर खणलं, तर माती थापल्यासारखी घट्ट आणि आत एकसुद्धा बीळ नाही. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की ही जमीन आम्ही अकरा माळी नांगरत नव्हतो. नांगरणारे दुसरेच होते, आणि मी त्यांना कंपनीभर बायकापोरांसमोर मारलं होतं.

मग मी हुशारी केली. ताथवड्याच्या एका गोठ्यातून उकिरड्यातली लालबुंद गांडुळं पोतंभर आणली, कंपनीच्या जीपमधून. हिरवळीवर सोडली. चार दिवसांत निम्मी मेली, निम्मी कुठे गेली देव जाणे. मी पुन्हा पोतं आणायच्या तयारीत असताना फाटकावरच्या पवार जमादारांचा निरोप आला की, एक बाई पाटी घेऊन उभी आहे, लवकर या.

फाटकाबाहेर हौसाबाई. डोक्यावर पाटी, पाटीत ओली ढेकळं.

"सायेब, उकिरड्यातलं गांडूळ रानात जगत न्हाई. त्येला श्यान लागतं. ह्ये आमच्या नदीकाठच्या तुकड्यातलं हाय, पाटाच्या कडंचं. ढेकळासकट खड्डा करून पुरा. वर पालापाचोळा टाका. अन् त्या पेंडीचं इख आता उतरलं आसंल, तरी आदी चार बादल्या पाणी मारून घ्या."

मी काही बोलायच्या आत पवार जमादार पुढे आले. माजी सैनिक, नियमाला पक्के. "पाटीत काय?"

"माती," हौसाबाई म्हणाल्या.

"कंपनीत माती कमी हाय का? आत काय हाय?"

"गांडुळं."

जमादारांनी आवक रजिस्टर उघडलं. "माल, गांडूळ. नग किती?"

"मोजली न्हाईत."

"नग लिहावे लागतात. अंदाजे लिहितो. बरं, रिटर्नेबल का नॉन-रिटर्नेबल?" म्हणजे काम झाल्यावर परत न्यायचा माल की इथेच राहणारा.

"ऱ्हातील हितंच," हौसाबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दिलं तर."

जमादारांनी शिक्का मारला. मग म्हणाले, "पाटी आत जाईल. बाई न्हाई. बाई ब्रेकवर हाय."

माळी अजून आले नव्हते. पहिल्या पाळीचा भोंगा झालेला, माणसांची रीघ लागलेली. मी पाटी उचलली आणि डोक्यावर घेतली. टाय लावलेला बाग सुपरवायझर डोक्यावर पाटी घेऊन मशीन शॉपसमोरून चाललाय आणि माणसं विचारतायत, "काय सोनवणेसाहेब, बढती झाली वाटतं?"

दुसऱ्या दिवशी हौसाबाई पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशीही. वीस-बावीस दिवस ती बाई घरून पाटी आणत होती आणि मी फाटकापासून हिरवळीपर्यंत वाहत होतो. माळ्याला सांगता आलं असतं. नाही सांगितलं. त्या एका कामापुरता मी बरा माणूस होतो असं मला वाटतं. एका सकाळी पाटी माझ्या डोक्यावर ठेवताना त्या सहज म्हणाल्या, "सायेब, यादीतनं माजं नाव उडलं म्हनं. कशापायी, काय कळलं का वो?"

माझ्या डोक्यावर ओझं होतं, मान हलवता येत नव्हती. "बघतो," म्हणालो. तो शब्द तोंडातून आला आणि मला स्वतःची शिसारी आली. हिरवळीवर पाटी ठेवली आणि मातीच्या हातांनी तसाच देवधरांच्या खोलीत गेलो. कागद मागितला आणि दुसरी चिठ्ठी लिहिली. 'पेंड मी टाकली. मात्रा मी दुप्पट केली. हौसाबाईंनी दोनदा अडवलं होतं. मी ऐकलं नाही.' या वेळी तथापि नाही, सदर नाही.

देवधरांनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या. "माणूस एक, खुलासे दोन. कुठला ग्राह्य धरू?"

"दुसरा."

"पहिल्यावर साहेबांची सही झालीये, सोनवणे. सही झालेला कागद खोटा कसा म्हणायचा?"

"मग दुसऱ्यावर पण घ्या. दोन्ही खरे म्हणा. पण यादीत नाव घाला."

शेवटी आम्ही दोघं साहेबांकडे गेलो. साहेबांनी चिठ्ठी वाचली. मग माझ्या हातांची माती बघितली.

"मी तुम्हाला पुस्तक दिलं होतं. तुम्ही पुरतं वाचलं नाहीत?"

"नाही, सर. पान उलटायचं राहिलं."

साहेब खिडकीकडे वळले. "मीही नाही वाचलेलं," ते म्हणाले. "भेट आलं होतं." मग एकदम चिडून, "पण म्हणून तुम्ही एका बाईवर ढकलायचं? शरम वाटली पाहिजे!" वाटत होतीच. माझी बढती गेली, ती पुढे सहा वर्षं आली नाही. वर एक मेमो, तो अजून माझ्या कपाटात आहे. बायको चार दिवस बोलली नाही आणि पाचव्या दिवशी म्हणाली, "आधीच खरं सांगितलं असतंत तर मेमो तरी एका पानाचा आला असता."

हौसाबाईंचं नाव पुढच्या यादीत घालायचं ठरलं. त्या यादीला सहा-सात महिने होते. या वेळी ब्रेक संपताच त्यांना आत घेतलं. ढेकळं मुरली. पावसाळा लागला आणि आषाढात एका सकाळी हिरवळीवर तीन जागी मातीच्या शेवया दिसल्या. मी आनंदानं ओरडलो. साहेब स्वतः बघायला आले, ओणवे होऊन. पुढे तर ते पाहुण्यांना चेंडू बाजूला ठेवून ते ढीग दाखवायचे.

आणि मग खंडेनवमीनंतर हौसाबाईंना कायम केल्याचं पत्र आलं. देवधरांच्या खोलीत देवधर, मी आणि हौसाबाई. देवधरांनी पत्र वाचून दाखवलं आणि शाईचा डबा पुढे केला. हौसाबाई म्हणाल्या, "आंगठा न्हाई, सई करनार." महिनाभर नातीकडून शिकून आल्या होत्या. एकेक अक्षर कोरून सही केली, पत्राची घडी घातली, आणि देवधरांना विचारलं, "सायेब, आता मला कुनी काढू शकत न्हाई ना?"

"नाही. चोरी केली, मारामारी केली, तरच."

"आन् बोललं तर?"

"बोललं तर कसं काढतील?"

"बरं," हौसाबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "सोनवणेसायेब, आता आयका."

आणि त्या बोलायला लागल्या. नऊ वर्षांचं साठलेलं. गुलाबाची छाटणी मी कशी चुकीच्या वेळी करतो. तंबाखूच्या काढ्यानं कुठले कुठले किडे मारले जे मारायचे नव्हते. पेंड हुंगून सांगितलं तर पुस्तक दाखवतो. "अन् ती पयली चिठ्ठी. मला म्हायती हाय त्यात काय व्हतं. पट्टेवाल्यानं वाचून दावली व्हती, त्याच दिशी. इतकं वाईट वाटलं का सांगू! नवं लुगडं नेसून गावभर हिंडले व्हते मी. लोक हसले मला."

मी विचारलं, "मग तुम्ही ढेकळं का आणलीत?"

"तुमच्यासाठी न्हाई आनली," हौसाबाई फाडकन म्हणाल्या. "ते रान माज्या सासऱ्याचं. तुमच्या चिठ्ठीचा राग म्या त्या रानावर काडू व्हय?"

देवधरांनी टेबलावरचे कागद उगाच वरखाली केले. हौसाबाईंनी पत्र पदराला बांधलं, गाठ दोनदा ओढून बघितली, आणि दारातून वळून म्हणाल्या, "तुमाला मातीतलं काय बी कळत न्हाई, सायेब. उद्या सकाळी सातला या. दावते."

मी पावणेसातला हजर होतो.